फलकावरची माझी ओळ

(१९९९ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता ‘यशाची गुरुकिल्ली’. मी त्यांना म्हटलं, अरे, माझ्याकडं कसली किल्ली? मला तर दार उघडायलाच चार वर्षं लागली. तो म्हणाला, मग तेच सांग. तेव्हा आता तेच सांगते, आणि जरा जास्तच सांगणार आहे, कारण एक गोष्ट गेली बावीस वर्षं माझ्या मनात अडकून बसलीय.

तुम्ही आत येताना ऑफिससमोरच्या व्हरांड्यातला सन्मान फलक बघितला असेल. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत शाळेतल्या हुशार मुलांची नावं. त्यात वरून नववी ओळ माझी आहे. नाव, दहावीचं साल आणि पुढं ‘आयआयटी, मुंबई’. ही ओळ खोटी नाही. माझ्याकडं आयआयटीची पदवी आहे, घरी कपाटात फाईलमध्ये आहे. पण ती ओळ वाचून ज्याला जे वाटतं ते खरं नाही. मी आयआयटीची ती प्रसिद्ध परीक्षा, जेईई, पास झालेली नाही. एकदा नाही, दोनदा नापास झालेय. आणि हे आपल्या शाळेत कुणालाच माहीत नाही, कारण मीच ते लपवलं.

दहावीला आपल्या केंद्रात मी पहिली आले, हे तुम्हाला आठवत असेल. नसलं तरी माझ्या आईला आठवतं. त्या आठवड्यात गावात मला जो भेटेल तो एकच विचारायचा, “आता पुढं काय?” आणि मी उत्तर द्यायच्या आधीच आमचे आण्णा सांगायचे, “आयआयटी.” आण्णा कारखान्यात कारकून. आयआयटी म्हणजे नेमकं काय हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. वर्तमानपत्रात वाचलं होतं एवढंच. तेव्हा देशात सहा आयआयटी होत्या. आता तेवीस आहेत.

अकरावी-बारावी सांगलीला झाली. एसटीचा पास, सकाळी सव्वासहाची गाडी. २००१ मध्ये बारावीबरोबर पहिल्यांदा जेईई दिली. त्या काळात ती दोन टप्प्यांत असायची, आधी स्क्रीनिंग आणि त्यातून पार पडला तर मुख्य परीक्षा. मी स्क्रीनिंगलाच बाद झाले. खरं सांगायचं तर पेपर हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटं मला वाटलं, चुकून दुसऱ्याच वर्गाचा पेपर आलाय. बोर्डाच्या परीक्षेत आपण जे शिकलो ते विचारतात. तिथं आपण जे शिकलोय ते आपल्याला कळलंय का हे विचारत होते. हा फरक मला कुणी सांगितलेला नव्हता.

सीईटीच्या मार्कांवर इंजिनिअरिंगची पेमेंट सीट मिळत होती. वर्षाची फी ऐकून आई पदर तोंडाला लावून आत गेली. मग आण्णांनी ठरवलं, पोरीला एक वर्ष पुण्याला ठेवू, क्लास लावू, पुन्हा परीक्षा देऊ दे. त्यासाठी त्यांनी कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. क्लासची फी बावीस हजार, राहणं-खाणं वेगळं. हप्ता पगारातून कापला जायचा आणि तो २००५ पर्यंत कापला जात होता. ही तारीख लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पुण्याच्या त्या वर्षाबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझी खोलीतली मैत्रीण मराठवाड्यातली, माझ्यापेक्षा गणितात दहापट हुशार. क्लासमध्ये दर रविवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी क्रमांक दाराला चिकटवायचे. आम्ही दोघी यादी खालून वर वाचायचो, म्हणजे आपलं नाव लवकर सापडतं. आधी आम्ही यावर हसायचो. दिवाळीनंतर हसणं बंद झालं. डिसेंबरमध्ये ती रात्रीची जेवेनाशी झाली. मी तिला काही म्हणाले नाही, कारण मीही जेवत नव्हते.

२००२ चा निकाल आम्ही दोघींनी एकाच सायबर कॅफेत बघितला. आधी तिचा नंबर टाकला, मग माझा. दोघीही नाहीत. कॅफेवाल्यानं पंधरा रुपये घेतले, अर्ध्या तासाचे. बाहेर येऊन ती म्हणाली, मी अजून एक वर्ष देणार. मी म्हटलं, मी घरी जाणार. स्वारगेटला तिनं मला गाडीत बसवून दिलं. त्यानंतर आमचं एक पत्र झालं, मग तेही नाही. पुढं कुणाकडून तरी कळलं की तिसऱ्या वर्षीही झालं नाही, मग शिक्षणच सुटलं आणि लग्न करून दिलं. मी तिला शोधायला हवं होतं. शोधलं नाही. आयआयटीत गेल्यावर तर मुळीच नाही, कारण मला लाज वाटली. माझं झालं आणि तिचं नाही, हे कसं सांगायचं?

आता ते खोटं. जूनमध्ये मंगळवारच्या बाजारात मला आपले विज्ञानाचे सर भेटले. सर इथं पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून माझे पाय जरा लटपटतायत. सरांच्या हातात मेथीची जुडी होती. “काय गं, आयआयटीचं काय झालं?” आणि मी पटकन बोलून गेले, “नाही सर, मी परीक्षाच दिली नाही. मला इंजिनिअरिंग नकोच आहे. मला शुद्ध विज्ञान करायचंय.” सरांचा चेहरा असा फुलला! ते म्हणाले, “शाबास. सगळे पैशामागं धावतात, तू विज्ञानाकडं चाललीस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परिपाठाला अख्ख्या शाळेसमोर सांगितलं. आणि पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले. मला धाकट्या भावाकडून कळायचं.

सर, मी शुद्ध विज्ञानाकडं गेले नव्हते. मी पडले होते आणि पडल्या जागी बी.एस्सी. होतं.

सांगलीला विलिंग्डनमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, विषय भौतिकशास्त्र. फी परवडणारी, घरून जाऊन-येऊन करता येणारं. पहिलं सहा महिने मी मागच्या बाकावर बसून रुसलेली होते, असंच म्हणावं लागेल. वर्गात साठ-पासष्ट जण, त्यातले निम्मे माझ्यासारखेच कुठून तरी गळून आलेले. मेडिकलचं हुकलं, इंजिनिअरिंगचं हुकलं, म्हणून बी.एस्सी. आणि आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो की आम्हाला बी.एड. करायचंय म्हणून आलोय.

पण एक चांगलं झालं. पुण्याला ज्या पुस्तकांतली गणितं मी घोकली होती, त्याच गोष्टी इथं सावकाश, प्रयोगासकट शिकायला मिळाल्या. प्रयोगशाळेत तारा जोडायच्या, गॅल्व्हानोमीटरचा काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघायची, आलेख हातानं काढायचा. तिथं कुणी दाराला क्रमांक लावत नव्हतं. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात ग्रिफिथ्सचं विद्युतगतिकीवरचं पुस्तक सापडलं आणि ते मी कादंबरीसारखं वाचलं. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की बाजारात सरांना मारलेली थाप हळूहळू खरी व्हायला लागलीय. पण तेव्हाही मी हे कुणाला बोलले नाही.

आयआयटीचं दार पुन्हा कसं दिसलं? आण्णा दर शनिवारी एसटी स्टँडवरून ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ आणायचे. माझ्यासाठी बँकेतल्या, रेल्वेतल्या जागा बघायला. लाल पेन्सिलनं खुणा करून ठेवायचे. २००४ मध्ये, मी शेवटच्या वर्षाला असताना, त्यांनी एका जाहिरातीवर खूण केली, कारण त्यात आयआयटी हा शब्द होता. मला म्हणाले, “ही आपली जुनीच परीक्षा दिसते.” मी न बघताच म्हटलं, आण्णा, ती आता मला देता येत नाही. ते म्हणाले, “पण इथं बी.एस्सी. लिहिलंय.”

ती जॅमची जाहिरात होती. एम.एस्सी.साठीची सामाईक प्रवेश परीक्षा. ती सुरूच मुळी २००४ मध्ये झाली, म्हणजे मी दिली ते तिचं दुसरं वर्ष. आमच्या कॉलेजात कुणी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. ज्यांनी बारावीनंतर जेईई दिली, ते सगळे समजतात की आयआयटीला एकच दार असतं आणि ते अठराव्या वर्षी बंद होतं. आम्हीही तेच समजत होतो. आण्णांनी ती लाल खूण केली नसती तर मी आज बहुतेक जिल्हा बँकेत असते. त्यातही वाईट काही नाही. आपल्या वर्गातले दोघे तिथं आहेत आणि दोघांचंही माझ्यापेक्षा चांगलं चाललंय!

डिमांड ड्राफ्ट काढला, फॉर्म पाठवला. या वेळी क्लास नाही. माझ्याजवळ बी.एस्सी.च्या वह्या होत्या आणि पुण्याची जुनी पुस्तकं होती. परीक्षेला पुण्यालाच जावं लागलं. स्वारगेटला उतरल्यावर पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. पण पेपर हातात घेतला आणि या वेळी तो दुसऱ्याच वर्गाचा वाटला नाही. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत लागलं. २००५ च्या जुलैत मी पवईला गेले, आणि त्याच महिन्यात आण्णांचा पतपेढीचा शेवटचा हप्ता कापला गेला. ज्या आयआयटीसाठी कर्ज काढलं होतं, ते कर्ज फिटलं तेव्हा मी तिथं पोचले. आण्णा हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. गेल्या वर्षी ते गेले, नाहीतर आज इथं येऊन त्यांनीही सांगितलं असतं.

पवईला काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तिथंही काही फुलांच्या पायघड्या नव्हत्या. मुलींचं हॉस्टेल दहा नंबरचं. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये एका मुलीनं विचारलं, “रँक किती?” मी जॅमचा सांगितला. ती म्हणाली, “अच्छा, एम.एस्सी.” आणि ताटाकडं बघायला लागली. वाईट हेतूनं नाही, पण मला समजलं. आयआयटीच्या आतही एक आयआयटी असते. पहिल्या सत्रात क्वांटमच्या चाचणीत मला तीसपैकी सात मार्क पडले. इंग्रजीतून प्रश्न विचारायची हिंमत व्हायला दिवाळी उजाडली. मला वाचवलं ते प्रयोगशाळेनं. तारा जोडायला, सोल्डर करायला, काट्याची वाट बघायला मी सांगलीला शिकले होते, आणि तिथं भल्याभल्यांचे हात थरथरायचे. दुसऱ्या सत्रापासून मुली त्यांची सर्किट घेऊन माझ्याकडं यायला लागल्या.

आणि हेही सांगते, कारण ते फलकावर लिहिता येत नाही. २००७ मध्ये आमचं एम.एस्सी. झालं तेव्हा कंपन्या मोठ्या रांगा लावून उभ्या होत्या, पण त्या बी.टेक.वाल्यांसाठी. मला कॅम्पसवर नोकरी लागली नाही. मी नेट दिली, पीएच.डी. केली आणि आता शासकीय महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पगार बरा आहे. अमेरिका नाही, बंगला नाही. ज्यांना आयआयटी म्हणजे पॅकेज एवढंच हवंय, त्यांनी हा रस्ता आधी नीट चौकशी करून घ्यावा. ज्यांना विषय हवाय, चांगले शिक्षक हवेत, चांगली प्रयोगशाळा हवीय, त्यांच्यासाठी हा रस्ता राजरस्ता आहे. लोक त्याला मागचं दार म्हणतात तेव्हा मला राग येतो. मागच्या दारानं वशिल्यानं जातात. आम्ही परीक्षा देऊन गेलो.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आज हे सगळं का सांगतेय? काल रात्री लॉजवर पोचल्यावर आपल्या वर्गातल्या एकानं फोन केला. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय. त्याचा मुलगा यंदा दुसऱ्यांदा बसला आणि जेईई मेन्समधूनच पुढं सरकला नाही. जूनपासून तो खोलीतून बाहेर येत नाही, जेवायला हाक मारली तर उत्तर देत नाही. मित्र मला म्हणाला, “तू आयआयटीची आहेस, त्याला दोन शब्द सांग, तू कशी पहिल्या झटक्यात गेलीस ते.” पहिल्या झटक्यात! फोन ठेवल्यावर मला सदाशिव पेठेतली ती खोली दिसायला लागली आणि झोप लागली नाही. माझी ती अर्धवट ओळ वाचून कुणाच्या तरी घरात एक पोरगं स्वतःला आणखी खाली समजतंय.

तर मित्रा, माझं पहिल्या झटक्यात झालं नाही. हे त्याला सांग. आणि पुढचं मी सांगते, कारण आता हाच माझा धंदा आहे. आमच्या कॉलेजातून गेल्या अकरा वर्षांत सहा मुलं-मुली जॅममधून वेगवेगळ्या आयआयटींत गेली आणि फॉर्म मी त्यांच्याबरोबर बसून भरलेत.

आधी हिशेब समजून घ्या. यंदा जेईई मेन्सला चौदा लाखांवर मुलं बसली. त्यातल्या अडीच लाखांना अ‍ॅडव्हान्स्डला बसता येतं. सगळ्या आयआयटींत मिळून बी.टेक.च्या जागा सतरा हजार सातशे चाळीस. म्हणजे जे पोरगं राहिलं ते वाया गेलं असं म्हणायचं तर आपल्याला तेरा लाख पोरं वाया गेली म्हणावं लागेल. अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. गेल्याच महिन्यात तीन संधी देतो म्हणून जाहीर केलं आणि दोन आठवड्यांत मागं घेतलं. ते दोन आठवडे माझ्या ओळखीतल्या किती घरांत क्लासची आगाऊ फी भरली गेली ते मला माहीत आहे. असो.

ज्याच्या दोन्ही संधी संपल्या, त्यानं तिसरं वर्ष घरी बसून काढू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. कुठंतरी प्रवेश घ्यावा. इंजिनिअरिंगच हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजातूनही पुढं गेट देता येते. पूर्वी ती शेवटच्या वर्षी द्यायचे, आता तिसऱ्या वर्षालाही बसता येतं. गुण तीन वर्षं चालतात. गेटमधून आयआयटीत एम.टेक.ला गेलं तर फी सोडाच, महिन्याला बारा हजार चारशे रुपये विद्यावृत्ती मिळते. बापाला पतपेढीत जावं लागत नाही.

विज्ञानाची आवड असेल तर बी.एस्सी. आणि मग जॅम. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अलीकडं अर्थशास्त्रही, असे सात विषय. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरायचा असतो. तिथंच आपली गावाकडची मुलं चुकतात. त्यांना निकाल लागल्यावर, जूनमध्ये प्रवेशाची आठवण होते. वयाची अट नाही. आमच्याकडची एक मुलगी लग्नानंतर, बाळ दीड वर्षाचं असताना बसली आणि गुवाहाटीला गेली. सासूबाई बाळाला घेऊन दोन महिने तिकडं राहिल्या. त्या सासूबाईंचं नाव खरं तर एखाद्या फलकावर लिहायला पाहिजे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेशही याच परीक्षेतून होतो.

बारावीनंतर लगेच विज्ञानच करायचं असेल तर पुण्यात आयसर आहे, त्यांची स्वतंत्र अभिरुची परीक्षा असते. चित्रकलेत हात चालतो, डोकं वेगळ्या दिशेनं धावतं, अशा मुलासाठी यूसीड आहे. तिला बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि मुंबई आयआयटीतच डिझाइनची पदवी करता येते. आपल्यातल्या किती जणांच्या वहीच्या शेवटच्या पानावर सुरेख चित्रं असायची, आणि त्यासाठी छड्या खाल्ल्या आपण! मद्रास आयआयटीनं २०२० पासून डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केलीय. तिला जेईई लागत नाही, चार आठवडे त्यांचाच अभ्यासक्रम शिकायचा आणि त्यावर पात्रता परीक्षा द्यायची. दुसरी पदवी करता-करताही करता येते. पण ती बी.टेक. नव्हे, तिथं हॉस्टेल नाही, आणि मन लावून केली नाही तर अर्धवट राहते. माझ्या दोन विद्यार्थ्यांची राहिलीय.

आणि एक रस्ता आपल्याच वर्गातला. आपला मागच्या बाकावरचा मित्र, ज्याला दहावीला सत्तावन्न टक्के पडले आणि ज्याला आपण सगळ्यांनी मिळून चिडवलं, तो डिप्लोमाला गेला. तीन वर्षं पॉलिटेक्निक. तिथं त्याला पहिल्यांदा कुणी वर्कशॉपमध्ये उभं केलं आणि त्याची गाडी जी सुटली ती सुटलीच. डिप्लोमाच्या टक्केवारीवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तोही सरकारी कॉलेजात, जिथं बारावीतून जायला मी धडपडत होते. आज पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणीही डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला जातात. बी.एस्सी. झालेल्यांनाही थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरता येतो, बारावीला गणित असेल तर. आज आपल्या मेळाव्याचा मांडव, जेवण आणि हा माइक यांचा निम्मा खर्च त्यानं उचललाय. तो मागंच उभा आहे, नेहमीसारखा. बसायला सांगितलं तरी बसत नाही.

(टाळ्या)

पालक म्हणून आपल्याला दोन शब्द सांगते आणि थांबते. मुलगा नापास झाला की आपण पहिल्यांदा नातेवाइकांना काय सांगायचं ते ठरवतो. “त्याला इंटरेस्टच नव्हता.” “परीक्षेच्या दिवशी ताप होता.” मीही तसंच केलं, आणि मला कुणी शिकवलेलं नव्हतं, घरातल्या हवेतच ते होतं. त्या एका थापेमुळं मी तीन वर्षं कुणाला विचारू शकले नाही की बाबांनो, नापास झालेल्यांना दुसरा रस्ता असतो का. ज्यानं परीक्षाच दिली नाही असं सांगितलंय, तो असं कसं विचारणार? सरांना मी खरं सांगितलं असतं, तर सरांनी चार ठिकाणी चौकशी केली असती, मला खात्री आहे. दुसरा रस्ता आण्णांच्या लाल पेन्सिलीला सापडला, तोही योगायोगानं.

सर, बावीस वर्षं उशिरा माफी मागते. आज सकाळी चहाच्या वेळी मी तुम्हाला हे एकट्याला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, “मला माहीत होतं गं. पुण्याला क्लासला गेलीस ते अख्ख्या गावाला माहीत होतं. परीक्षा दिली नाहीस तर काय तिथं एक वर्ष भेळ खात होतीस?” मग परिपाठाला का सांगितलंत, असं मी विचारलं, तर म्हणालात, “तू त्या दिवशी रडशील असं वाटलं. आणि बाजारात रडणं बरं दिसत नाही.”

(हशा)

मुख्याध्यापक सर, माझी एक विनंती आहे. मे महिन्यात फलक रंगवायला काढणार आहात असं ऐकलं. माझ्या नावापुढं थोडी जागा आहे, मी मोजून बघितलीय. तिथं एवढं लिहून घ्या: ‘जेईई २००१ व २००२ अनुत्तीर्ण, बी.एस्सी., सांगली, २००५, जॅममार्फत एम.एस्सी., आयआयटी मुंबई, २००७.’ पेंटरचे जादा अक्षरांचे पैसे मी देते.

जेवणानंतर मी सातवी ब च्या वर्गात बसणार आहे, खिडकीजवळच्या बाकावर. लॅपटॉप आणलाय. ज्यांची मुलं दहावी, बारावी, डिप्लोमा, बी.एस्सी. कुठंही आहेत, त्यांनी मुलांनाच घेऊन या, एकटे येऊ नका. यंदाच्या जॅमच्या आणि गेटच्या फॉर्मची मुदत संपलीय, पण पुढच्या वर्षीच्या तारखांचा अंदाज वहीत लिहून देते. आणि मित्रा, तुझा मुलगा आला नाही तरी चालेल. त्याचा नंबर मला दे. फोन मी करते.